धाकू भोईराचा अळणी घास

धाकू भोईर मेला तेव्हा तो ठाण्याच्या बंदरावर बसून कलिंगड खात होता.

बातमी आणली दगडाबाईनं. दगडाबाई कोलशेतची कोळीण. रोज टोपली डोक्यावर घेऊन ती ठाण्याच्या बाजारात यायची आणि मासळीबरोबर गावच्या बातम्याही आणायची. मासळी एखादे दिवशी शिळी निघे, बातमी कधी नाही. तिनं टोपली खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि धाकूला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"बरा दिसतंस रं," ती म्हणाली. "काल तुजा बारावा झाला."

धाकू मुळात सावकाश माणूस. त्यानं आधी बिया थुंकल्या.

"कसा झाला?"

"चांगला झाला. वडे फुगलं व्हतं. वालाचं कालवण जरा पातळ, पन मानसंच येवढी, काय करतील बिचारी?"

"गर्दी व्हती?"

"सगळा गाव! तुला येवढी मानसं वळखतात ते मना ठावं नव्हतं."

ते धाकूलाही ठाऊक नव्हतं. जिवंतपणी त्याच्या दारात चार माणसं एकदम कधी उभी राहिली नव्हती, आणि आता अख्खं गाव त्याच्या नावानं हात धुऊन उठलं होतं.

"घास ठेवला?" त्यानं विचारलं.

"बांधावर ठेवला. भात नि भाकर. अळनी."

"अळनी?"

"मंग काय! मेलेल्याला मीठ घालतात कं? मिठागरावरचा मानूस तू, तुला सांगाया पायजे?"

सांगायला नको होतं. कोलशेतच्या खाडीकाठची आगरी माणसं भात पिकवायची आणि मीठ पिकवायची, आणि मिठाबद्दलचे त्यांचे कायदे सरकारच्या कायद्यांहून जुने होते. मीठ जित्या माणसाचं. मेलेल्याच्या घासात ते घालायचं नाही, कारण मिठाची चव जिभेला लागली की मेलेल्याला घर आठवतं आणि तो परत येतो.

"आनि कावळा?"

"ठेवल्या ठेवल्या शिवला."

हे मात्र धाकूला लागलं. कावळा इतक्या चटकन शिवला, म्हणजे मागं काही इच्छाच उरली नव्हती असा अर्थ. कावळ्यानं निदान थोडा वेळ, नुसतं दाखवायला म्हणून तरी, थांबायला हवं होतं.

दगडाबाईनं टोपली उचलली. दगडाबाई जगातल्या यच्चयावत पुरुषांना 'मेल्या' म्हणायची. गिऱ्हाइकांना, हवालदाराला, स्वतःच्या नवऱ्याला, एकदा तर कलेक्टरसाहेबाच्या बटलरलासुद्धा. त्या दिवसापासून तिनं धाकूला तेवढं 'मेल्या' म्हणायचं सोडलं. ठाण्यात कुणी त्याच्या मरणाचा दुखवटा पाळला असेल तर तो एवढाच.

धाकू मेला कशानं, तर ख्रिस्ती झाला म्हणून. ठाण्यावरून आगगाडी धावायला लागून वीस-पंचवीस वर्षं झाली होती, पण जातपंचायत अजून पायीच चालत होती. बाटलेल्या माणसाचा गवताचा पुतळा करायचा, तो जाळायचा, दारात मडकं फोडायचं, सगळ्यांनी आंघोळी करायच्या आणि बाराव्याला जेवायचं. मग तो माणूस मेला. पुढं तो बाजारात भेटला, तर तो त्याचा प्रश्न.

मडकं फोडलं होतं धाकूच्या थोरल्या भावानं, राघोनं. आणि खरी गोष्ट सुरू होते ती राघोपासून.

धाकू या नावात तसं नाव काहीच नव्हतं. धाकटा म्हणून धाकू. आईबाप जरीमरीच्या एकाच साथीत गेले तेव्हा पोर गुडघ्याएवढं होतं, आणि वेगळं नाव ठेवायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. राघोला नुकती मिसरूड फुटत होती. त्यानंच ह्याला वाढवलं. भाकऱ्या थापल्या, खांद्यावर बसवून मिठागरावर नेलं, चिखलाचा गोळा कसा कापायचा आणि बांधावर कसा बसवायचा ते शिकवलं. गावात कुणी विचारलं, "ह्यो कोन?" तर उत्तर ठरलेलं, "राघोचा धाकटा." धाकूलाही त्यापलीकडे आपण कोणी आहोत असं वाटत नव्हतं, आणि त्यावाचून काही अडतही नव्हतं.

लहानपणी एकदा तो खेकड्यांच्या मागं तिवरांत शिरला. खाडीकाठची ती झाडं भरतीला कमरेएवढ्या पाण्यात उभी असतात. भरती आली, वाट बुडाली, आणि पोर एका फांदीवर माकडासारखं बसून राहिलं. काठावरचे लोक म्हणाले, गेला. राघो छातीएवढ्या चिखलात उतरला. एकेका झाडाखाली थांबून तो हाक मारत होता, "धाकल्या, हायस कं?" पोराच्या तोंडून भीतीनं आवाज फुटेना. राघो पुढं गेला, पुन्हा मागं आला. "धाकल्या, हायस कं?" शेवटी वरून बारीक आवाज आला, "हाय." मग राघोनं त्याला खाली ओढलं, आधी एक थोबाडीत दिली आणि मग छातीशी धरलं. क्रम हाच होता.

पुढं पुष्कळ वर्षांनी मिठाचा मचवा घेऊन धाकू ठाण्याला आला आणि बंदरावरच तापानं आडवा झाला. सोबतच्यांनी त्याला सावलीत निजवलं आणि ओहोटी साधून ते निघून गेले. त्यांचा दोष नव्हता, ओहोटी कुणासाठी थांबत नाही. त्याला उचललं त्र्यंबकराव पाद्र्यांनी. त्र्यंबकराव कल्याणचे भिक्षुकाच्या घरचे. चष्मा, काठी आणि पडसं या तीन गोष्टी त्यांना कधी सोडून गेल्या नाहीत, बाकी घरदार सगळं गेलं होतं. त्यांनी धाकूला आपल्या ओसरीवर ठेवलं, पेज पाजली, आणि ताप उतरल्यावर संध्याकाळी त्याला गोष्टी सांगू लागले. त्यांतली एक अशी होती, की एका माणसाची शंभर मेंढरं होती, त्यातलं एक हरवलं, तर बाकीची तिथंच सोडून तो त्या एकाच्या मागं रानोमाळ हिंडला. देव तसा आहे, पाद्रीबुवा म्हणाले.

धाकूनं पेजेचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "त्यानं हाक काय मारली?"

त्र्यंबकरावांनी चष्मा पुसला. "ते काही लिहिलेलं नाही."

"मना ठावं हाय," धाकू म्हणाला.

तो ख्रिस्ती झाला तो त्या दिवशी. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर नंतर पडलं. आयुष्यात आपल्याला शोधायला एकदा कुणी चिखलात उतरलं होतं. तसाच कुणीतरी वरही आहे, आणि राघो नसेल तिथंही तो आपल्याला हाक मारतो, हे कळल्यावर धाकूला पहिल्यांदा वाटलं, की आपण कुणाचा तरी धाकटा याखेरीजही कोणी असू.

पंचायत राघोच्याच अंगणात बसली, आणि तिच्यापुढं सुटायची वाट होती. राघोनं सगळं ठरवूनही ठेवलं होतं. ताप होता, शुद्ध नव्हती, पाणी कुणी पाजलं कळलं नाही, एवढं म्हणायचं, गावजेवण घालायचं, की मिटलं. धाकू उभा राहिला आणि म्हणाला, "ताप पयला व्हता. नंतर मी शुद्धीत व्हतो. मी ख्रिस्ताचा झालोय." राघोनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग आत गेला, मडकं घेऊन आला आणि उंबऱ्यावर फोडलं.

तेवढ्यावर धाकूनं सोसलं असतं. पण त्याची बायको होती, लक्ष्मी. नवरा मेला म्हटल्यावर बायको विधवा होणारच. विहिरीवर नेऊन बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं आणि तिला आंबिवलीला माहेरी पोचती केली. तसा निरोप पंचांना राघोच्या घरून गेला होता.

धाकू आगगाडीनं कल्याणला गेला, तिथून पायी आंबिवलीला. सासरा ओटीवर सुंभ वळत बसला होता.

"कोन पायजे?"

"लक्ष्मीला न्यायला आयलोय."

"तिचा नवरा मेला."

"बाबा, मी समोर उभा हाय."

"मना कशाला सांगतंस? पंचांना सांग."

आतलं दार लोटलेलं होतं. दाराखालच्या फटीतून पायाची बोटं दिसत होती, जोडवी काढलेली. धाकू बराच वेळ उभा राहिला. ती बोटंही हलली नाहीत. पावसाळा सरल्यावर तो पुन्हा गेला तेव्हा दार सताड उघडं होतं. लक्ष्मी भादव्यातल्या तापात खरोखरच गेली होती, आणि तिच्या मरणाची बातमी मेलेल्या नवऱ्याला कळवायची रीत कुठंच नव्हती.

धाकू ठाण्यात राहिला. पाद्रीबुवांच्या छोट्या कौलारू देवळात झाडलोट करायची, घंटा वाजवायची, दिवे पुसायचे. उपासनेला फारतर दोन बाकं भरत. त्यातले बहुतेक आपापल्या गावी मेलेले. "धाकूभाऊ," त्र्यंबकराव म्हणत, "आपल्या मंडळीत पुनरुत्थानावर वेगळा उपदेश करायची गरज नाही. सगळ्यांचे बारावे होऊन गेले आहेत." आणि शिंकत.

ठाण्यात पिढ्यानपिढ्यांचे जुने ख्रिस्तीही होते. त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं धाकूला सणाच्या दिवशी विचारलं, "तुमच्यात ख्रिस्ती कुणापासून?"

"माझ्यापासूनच सुरवात," धाकू म्हणाला.

"आणि पुढं?"

धाकू दिवे पुसायला निघून गेला. मागं कुणी नाही आणि पुढंही कुणी नाही, असा तो एकट्याचा वंश होता. संध्याकाळी घंटा वाजवून झाली की तो पायरीवर बसे. नाव घेऊन हाक मारणारं कुणी नसलं की नाव कसं वापरावाचून गंजतं, ते त्याला तिथं कळलं. कधीकधी तो स्वतःच हळूच म्हणून बघे, "धाकल्या." पण आपणच मारलेल्या हाकेला ओ देता येत नाही.

आणि एक अडचण होती. रोजच्या प्रार्थनेत एक ओळ येते. तिचा भावार्थ असा, की देवा, आमच्याशी जे वाईट वागले त्यांना आम्ही सोडून दिलंय, तसं तूही आम्हाला सोड. सगळे एका सुरात म्हणत. त्या ओळीशी आलं की धाकूचा आवाज थांबे, ओळ पुढं गेली की पुन्हा सुरू होई. दोन बाकांच्या मंडळीत एक आवाज कमी झाला की ते ऐकू येतंच.

"तुमचा आवाज मध्येच कुठं जातो?" एकदा त्र्यंबकरावांनी विचारलं.

"पाद्रीबुवा, देवाजवळ खोटं कशाला बोलू?"

प्रभुभोजनाच्या भाकरीची थाळी आली की तो तीही न घेता पुढं सरकवी. ती ओळ ज्याला म्हणता येत नाही त्यानं ती भाकर घेऊ नये, हे त्याचं त्यानंच ठरवलं होतं. त्याच्या मनात देव म्हटलं की राघोचाच चेहरा उभा राही, छातीएवढ्या चिखलातला, आणि तिथंच सगळी पंचाईत होती. एकाच चेहऱ्यापुढं हात जोडायचे आणि त्याच चेहऱ्याचा राग धरायचा, हे एका माणसाला कसं जमावं?

"माझ्याही भावानं कल्याणला माझं श्राद्ध घातलं," त्र्यंबकराव म्हणाले. "मलाही ती ओळ जड गेली."

"आता?"

"आता म्हणतो. थोडी खरी, थोडी खोटी. रोज थोडी जास्त खरी व्हावी म्हणून म्हणतो."

"मना तसं अर्धं नाय जमत."

"नाही जमत खरं," पाद्रीबुवा म्हणाले आणि त्यांनी विषय सोडला.

आता बांधाचं. खाडीचं खारं पाणी भातशेतात शिरू नये म्हणून कोलशेतला मातीचा लांब बांध होता, आणि त्यात प्रत्येक घराचा वाटा. आपला वाटा आपण दुरुस्त करायचा, दुसऱ्याच्या वाट्याला हात लावायचा नाही. पण पाण्याला वाटे कळत नाहीत. एका वाट्यात भगदाड पडलं की सगळ्या गावाचं भात खारं होतं. धाकूचा वाटा राघोच्या वाट्याला लागून होता. पहिल्या वर्षी चैत्र आला आणि ठाण्यात बसून धाकूचे हात शिवशिवू लागले. गावच्या जत्रेच्या दिवशी सगळे पालखीमागं असतात, बांधावर चिटपाखरू नसतं. त्या दिवशी तो गुपचूप गेला, भर दुपारी एकट्यानं आपला वाटा लिंपला आणि परत आला.

गावाला कळायचं ते कळलंच. आता हा चिखल जिवंत धाकूनं लावला असं मानलं, तर बांध बाटला, बांध बाटला तर भात बाटलं, आणि मग गावानं खायचं काय? काळुराम पाटलानं निकाल दिला, "धाकू मेलाय. ह्ये त्याच्या भुताचं काम. भुताला विटाळ नसतो." सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. धाकू ठाण्याच्या बाजारात कांदे घेताना ज्यांना दिसे, त्यांनीसुद्धा.

पुढच्या वर्षी धाकू गेला तर त्याच्या वाट्यावर केळीच्या पानात एक पुडी. तांदळाची भाकरी, वर सुकट. भुताचा घास! धाकूच्या डोक्यात तिडीक गेली. जिवंतपणी उंबरा बंद आणि मेल्यावर पंगत! पाद्रीबुवांनीही सांगितलेलं होतं, की मेलेल्यांच्या नावानं ठेवलेलं आपण खायचं नाही. त्यामुळं धर्म आणि राग एकाच वाटेनं निघाले, आणि असं झालं की माणसाला फार बरं वाटतं. त्यानं पुडी उचलून खाडीत भिरकावली. त्याच्या पुढच्या वर्षीही. त्याच्याही पुढच्या. दर वर्षी पुडी असे आणि दर वर्षी निवट्यांची, खाडीच्या चिखलातल्या त्या माशांची, जत्रा होई.

अशी काही वर्षं गेली. मग एका चैत्रात दगडाबाई टोपली टेकून म्हणाली, "राघोचं काय खरं नाय."

धाकूनं टोपलीवरची माशी हाकलली. तो राघोबद्दल कधीच विचारत नसे. दगडाबाई न विचारता सांगे.

"त्याची बायको सगुना गेली, तुला सांगितलेलं. आता एकटाच. गुडघं धरल्यात. बांधाला हात लागला नाय यंदा त्याचा. चूल फुंकतो नि भाकऱ्या थापतो. एक भाकर गोल असंल तर शपथ! कोलशेतचा नकाशा नुसता."

"गावात मानसं नायत?"

"त्याला कोन नको. आनि जत्रेला काय व्हतं त्याला, देव जाने. दर साली पालखीच्या दिशी त्याच्या पोटात दुखतं. तू मेल्यापासून पालखीला खांदा नाय दिला त्यानं."

जत्रेच्या दिवशी धाकू बांधावर पोचला तेव्हा लांब गावात ढोल वाजत होते. ओहोटी लागली होती. त्यानं आपला वाटा लिंपला. शेजारचा राघोचा वाटा तसाच पडला होता, मध्ये खचलेला, खेकड्यांनी पोखरलेला. पहिल्या मोठ्या उधाणाला तो जाणार, हे आंधळ्यानंही सांगितलं असतं. धाकूनं तिकडं पाठ केली आणि पुडी उचलली.

फेकायला हात मागं नेला आणि केळीचं पान सुटलं. भाकरी बांधावर पडली. एका बाजूला करपलेली, दुसऱ्या बाजूला कच्ची, आणि आकार असा की हिला भाकरी म्हणायचं ते निव्वळ उपकार म्हणून. धाकू तिच्याकडे बघत राहिला. अशी भाकरी त्यानं आयुष्यात एकाच माणसाच्या हातची पाहिली होती. आईबाप गेल्यावर, गुडघ्याएवढा असताना, रोज.

गावाचा घास गाव करतं. पाटलाच्या घरच्या बायका कशा गोल भाकरी थापतात. ही गावाची नव्हती.

तो खाली बसला. भाकरीचा करपलेला कडेचा तुकडा मोडला. लहानपणीही तो तोच आधी खाई. तोंडात घातला आणि थांबला.

भाकरीत मीठ होतं. चांगलं हाताला लागेल एवढं, ढोबळ मीठ.

"आज नाय टाकलीस?"

बांधाच्या उघाडीमागं, जिथून शेतातलं पाणी खाडीत सोडतात, तिथल्या आडोशाला राघो बसलेला होता. केस पांढरे झालेले, गुडघ्यांना फडकं बांधलेलं.

धाकूनं घास तसाच गालात ठेवला. "तू हितं काय करतंस?"

"दर साली बसतो," राघो म्हणाला. "तू टाकतंस ते बघतो नि घरी जातो."

खाडीवरून वारा आला. ढोल जरा थांबले आणि पुन्हा सुरू झाले.

"मीठ घातलंस," धाकू म्हणाला.

"घातलंय."

"मेलेल्याला मीठ नाय घालीत."

"नायच घालीत," राघो म्हणाला. "मी कदी मेलेल्याला घातलं?"

धाकूनं हातातली भाकरी वर धरली. "पयल्या पुडीपासून?"

"पयल्यापासून. सगुना थापायची, मीठ मी घालायचो. तिला बोललो, पाटलानं चाखलं तर गं? ती बोलली, भुताचं कोन चाखतंय! बाटलेल्याला घास घातला तर मना वाळीत टाकतील. मेलेल्याला घातला तर कोन काय बोलनार? दुसरी वाट मना दिसली नाय. तू समजशील असं वाटलं."

"मी कदी चाखलंच नाय."

"कदीच नाय? मना वाटलं, एक घास चाखून मंग रागानं टाकतंस."

"आज."

राघोनं कपाळावर हात मारला. "तरीच इथल्या निवट्या येवढ्या माजल्यात," तो म्हणाला आणि हसला. हसता हसता त्याला खोकला आला, आणि खोकल्यातून तो लवकर बाहेर आला नाही.

"लक्ष्मीच्या बांगड्या," धाकू म्हणाला.

राघोचं तोंड एकदम म्हाताऱ्याचं झालं. "ते मीच सांगितलं. पंच बोलले, तिला ठेवलीस तर तुजं घर बी गेलं. मी भ्यालो. मंग एकदा आंबिवलीला गेलतो, तिला सांगाया, की तो जिता हाय, तू जा त्याच्याकडं. त्यांच्या कुंपनापर्यंत गेलो नि परत आलो. त्या सालीच ती गेली." तो थांबला. "त्याला माज्याकडं काय सुदीक जवाब नाय, धाकल्या."

किती वर्षांनी ते नाव त्याच्या कानावर पडलं होतं. आणि पडलं ते नेमकं त्या वाक्याच्या शेवटी, जिथं त्याला राघोच्या तोंडावर थुंकावंसं वाटत होतं. धाकू उठला. ठाण्याची वाट डावीकडे होती. तो उजवीकडे, खाली चिखलात उतरला. कुदळीनं मोठा गोळा कापला, दोन्ही हातांत उचलला आणि राघोच्या वाट्यापाशी येऊन उभा राहिला. बांधाचं काम एकट्याचं नसतं. खालचा गोळा देतो, वरचा हातातून घेऊन बसवतो. ओल्या मातीतून विटाळ लागतो, हे पोराटोरांनाही ठाऊक.

"धर," धाकू म्हणाला.

राघोनं गावाकडं पाहिलं. "विटाळ व्हईल."

"भुताला विटाळ नसतो. पाटलानं सांगितलंय."

राघो गुडघे सावरत उठला आणि त्यानं गोळा घेतला. दोघांचे हात चिखलात एकमेकांना लागले. मग दुसरा गोळा, मग तिसरा. मध्येच राघो म्हणाला, "डावीकडं पातळ लावतंस, लहानपनापासून सांगतोय," आणि धाकूनं डावीकडे जाड लावला. भरतीचं पाणी तिवरांच्या मुळांशी आलं तेव्हा खिंडार बुजलं होतं.

ढोल मंदावले. पालखी देवळात परतली असणार, माणसं आता बांधाकडे फिरकतील. राघोनं घरी चल म्हटलं नाही. म्हणता येण्यासारखं नव्हतं, ते दोघांनाही माहीत होतं. पाणी ओंजळीत घेऊन त्यानं हात धुतले, तेही पुरते नाहीत, आणि लंगडत गावाकडे निघाला. धाकू ठाण्याकडे वळला. बरंच अंतर पडल्यावर मागून हाक आली. मान न वळवता मारलेली, कुणी ऐकलं तर भुताला मारली म्हणता यावं अशी.

"धाकल्या, हायस कं?"

धाकूचा आवाज लहानपणी जसा अडकला होता तसाच अडकला. पण राघो थांबून राहिला होता.

"हाय," धाकू म्हणाला.

शनिवारी दगडाबाई बाजारात आली. तिनं टोपली टेकली, धाकूच्या नखांत बसलेला कोलशेतचा काळा चिखल पाहिला, आणि बांध कसा एकाच्या जागी दोन वाट्यांत दुरुस्त झालाय हे ती येताना बघून आलेलीच होती.

"सरक की मेल्या तिकडं," ती म्हणाली, "टोपली कुठं ठेवू?"

धाकू सरकला. सरकताना त्याला हसू आलं, आणि इतके दिवस ते न आल्यामुळं जरा दुखलंही.

रविवारी त्यानं नेहमीप्रमाणं घंटा वाजवली आणि मागच्या बाकावर आपल्या जागी एकटाच बसला. राघो कोलशेतला, आपण इथं. पुढच्या चैत्रापर्यंत काही बदलायचं नव्हतं, आणि राघोच्या गुडघ्यांकडे पाहता पुढचा चैत्रही कबूल केलेला नव्हता. दाराखालची ती बोटं डोळ्यांपुढून गेली नव्हती. ती जाणारही नव्हती. तो राग शोधायला गेला, तर राग होता तिथंच होता, पण त्याच्यावर आता कुणीतरी ओला गोळा बसवल्यासारखा वाटत होता.

प्रार्थना सुरू झाली. ती ओळ आली आणि सगळ्यांच्या तोंडून निघून गेली. धाकूला ती म्हणायची सवय नव्हती, त्यामुळं तो मागं राहिला, आणि सगळे थांबल्यावर, त्या शांततेत, त्याचा एकट्याचा जाडाभरडा आवाज ओळ शेवटपर्यंत म्हणून गेला. पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागं वळून पाहिलं. त्र्यंबकरावांनी डोळे मिटलेले होते, ते त्यांनी उघडले नाहीत. मात्र पुढचं वाक्य सुरू करायच्या आधी ते थांबले, धाकू सगळ्यांबरोबर येईपर्यंत.

मग थाळी आली. धाकूनं ती पुढं सरकवली नाही.